टर्बो पेट्रोल तेल खातंय, कॉम्प्रेशन मात्र उत्तम: इंजिन खोलायचं की नाही?

घाटमाथा_१८०० (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार मंडळी. गाडी १.८ लिटर टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन, २०१२ चं मॉडेल, रनिंग १,१२,००० किमी. स्टेज-१ रिमॅप (ताकद वाढवायला इंजिन कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललेलं) आहे. तेल ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक, संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) ४.६ लिटर बसतं.

१,३०० किमीला साधारण १ लिटर टॉपअप लागतंय. पार्किंगच्या फरशीवर डाग नाही. सकाळी स्टार्टला धूर नाही. चोर्ला घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरून केरीच्या सपाटीला ॲक्सिलरेटर दिला की मागच्या गाडीला दोन-तीन सेकंद निळा धूर दिसतो.

कॉम्प्रेशन टेस्ट: १२.०, ११.८, ११.९, १२.१ बार. गॅरेजवाल्यांचं म्हणणं, "कॉम्प्रेशन एवढं छान आहे म्हणजे रिंगा चांगल्या, टर्बो गेलाय, बदला." टर्बोचा खर्च करण्याआधी दोन प्रश्न. कॉम्प्रेशन चांगलं असूनही रिंगा खराब असू शकतात का? आणि तपासणी कुठून सुरू करावी?

बोअरगेज_उद्यमबाग

असू शकतात. हा गैरसमज फार गाड्यांना महाग पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरची दाब धरते. मधली थोडा दाब धरते आणि बरंचसं तेल खरवडते. तिसरी म्हणजे ऑइल रिंग, तिचं काम फक्त तेल खाली आणणं: दोन पातळ पट्ट्या, मध्ये एक्सपांडर (पट्ट्यांना बाहेर दाबणारी स्प्रिंग), आणि मागे पिस्टनच्या खाचेत तेल संपकडे परत जायला बारीक भोकं. ही भोकं जळक्या तेलाच्या काजळीनं बुजली की खरवडलेल्या तेलाला परतीची वाट राहत नाही. पुढे एक्सपांडर खाचेत चिकटतो, पट्ट्यांचा बोअरवरचा (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचा) दाब जातो, आणि तेल वर चढून जळतं. या सगळ्यात वरची रिंग धडधाकट असते. कॉम्प्रेशन गेज मोजतो तो वरच्या रिंगेचं आणि वॉल्व्हचं काम. ऑइल रिंगेबद्दल तो काहीच सांगत नाही. उलट बोअरवर तेल जास्त राहिलं तर सील आणखी घट्ट होतं आणि आकडा किंचित चढाच येतो.

रिंगा जितक्या पातळ तितकं घर्षण कमी, मायलेज चांगलं. म्हणून त्या काळातल्या बऱ्याच टर्बो पेट्रोलमध्ये पातळ ऑइल रिंगा आणि परतीची लहान भोकं दिली गेली. ती बुजायलाही तितकीच सोपी.

तुमचे आकडे चांगलेच आहेत. बेळगाव समुद्रसपाटीपासून ७५० मीटरच्या आसपास आहे, इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा ८-९ टक्के कमी. पणजीत १३ बार दाखवणारं इंजिन इथे १२ दाखवेल. त्यामुळे कुणी "नवीन असताना १३ होते, १ बार पडला" म्हणालं तर ऐकू नका. सिलिंडरांमधला आपसातला फरक बघा, तुमचा फक्त ०.३ बार आहे.

टेस्ट कशी केली तेही लिहा: इंजिन गरम होतं का, चारही प्लग काढले होते का, थ्रॉटल पूर्ण उघडा होता का, बॅटरीला चार्जर होता का. यातलं एक चुकलं तरी आकड्याला अर्थ नाही.

लालमाती_खानापूर

टर्बोला हात लावू नका अजून. आधी पीसीव्ही, म्हणजे क्रँककेसचा (क्रँकभोवतीच्या खालच्या पोकळीचा) ब्रीदर वॉल्व्ह. तुमची लक्षणं वाचून पहिला संशय तिथेच जातो.

घाट उतरताना थ्रॉटल बंद, इंजिन फिरतंय, इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांत) जबर ओढ. पीसीव्हीतला डायफ्राम शाबूत असेल तर ही ओढ क्रँककेसपर्यंत मोजकीच पोचते. तो फाटला की मॅनिफोल्ड थेट क्रँककेसला चोखायला लागतं, तेलाची वाफ आणि थेंब सरळ इनटेकमध्ये. खाली पोचून ॲक्सिलरेटर दिला की साठलेलं सगळं एकदम जळतं. चोर्ला उतरायला लागणारा वेळ त्याला भरपूर आहे.

घरी करायची तपासणी: इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, तेलाचं झाकण सैल करून उचला. किंचित ओढ जाणवून झाकण सुटलं तर ठीक. झाकण चिकटून बसलं, उचलताना इंजिन गचके खाऊन बंद पडायला लागलं, किंवा इंजिनातून बारीक शिट्टी येते आणि डिपस्टिक वर ओढताच ती थांबते, तर डायफ्राम फाटलाय. पी०१७१ कोड (मिश्रणात पेट्रोल कमी) सोबत असेल तर खात्रीच धरा.

आकडा हवा असेल तर डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक पाइप लावून यू आकारात पाणी भरा. १० मिमी पाण्याचा फरक म्हणजे जवळजवळ १ मिलिबार. मध्ये एक रिकामी बाटली जोडायला विसरू नका, ओढ जास्त निघाली तर पाणी थेट इंजिनात जाईल. आयडलला थोडी ओढ दिसायला हवी, किती ते तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलशी जुळवा. उलटा दाब दिसला, पाणी बाहेर ढकललं जातंय, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरचा दाब रिंगांमधून क्रँककेसमध्ये उतरतोय. तो मामला वेगळा.

पीसीव्हीत दुसरीही एक खोड असते. बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा जादा दाब) आल्यावर मॅनिफोल्डचा दाब क्रँककेसमध्ये येऊ नये म्हणून आत एकदिशा वॉल्व्ह असतो. तो गळला की बूस्टमध्ये क्रँककेस फुगतं, तेल टर्बोच्या तोंडाकडे जातं आणि मागचं मेन सील झिरपायला लागतं. मग गिअरबॉक्स उतरवून सील बदलतात, महिन्याभरात तेही झिरपतं, कारण मूळ कारण वरच राहिलेलं असतं.

आणि एअर फिल्टर उघडून बघा. खानापूर-जांबोटी पट्ट्यातली लाल धूळ आणि गळीत हंगामात ऊसाच्या ट्रॉल्यांमागचा धुरळा, दोन्ही फिल्टरला लवकर चोंदवतात. फिल्टर चोंदला की टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते, आणि चांगल्या टर्बोच्या सीलमधूनही तेल ओढलं जातं. तेलाचा हात दिलेला कापडी फिल्टर असेल तर तो काढाच. नीट बसला नाही तर हीच माती रिंगांपर्यंत पोचते आणि बोअरला पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं.

५डब्ल्यू४०_निपाणी

थोडं मागे येतो. "१,३०० ला १ लिटर" हे कसं मोजलं? हा आकडा कच्चा असेल तर पुढे कोणता उपाय लागू पडला हेच कळणार नाही.

तेल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण ०.०७ टक्के. ४.६ लिटर तेल ६० अंशांनी जास्त तापलं तर १९० मिलीच्या आसपास जास्त दिसतं. एकदा सकाळी थंड इंजिनावर आणि एकदा प्रवासानंतर पट्टी बघितली तर निम्मा हिशेब तिथेच बिघडतो. म्हणून रोज एकच रीत ठेवा: तीच सपाट जागा, ३० मिनिटं चालवलेलं इंजिन, बंद करून १० मिनिटं थांबणं, पट्टी पुसून दोनदा बघणं. वरच्या खुणेपर्यंत भरा, ५०० किमी चालवा, मग १०० मिलीच्या मापानं मोजत पुन्हा त्याच खुणेपर्यंत. असे दोन फेरे झाले की आकडा पक्का.

रोज कॉलेज रोड ते कॅम्प एवढंच चालवत असाल तर दुसरी फसगत होते. डायरेक्ट इंजेक्शनचं न जळलेलं पेट्रोल तेलात मिसळतं आणि पातळी तशीच दिसते. मग हायवेला कोल्हापूरपर्यंत गेलं की ते पेट्रोल उडून जातं आणि "एका ट्रिपमध्ये अर्धा लिटर तेल गेलं" असं वाटतं. पट्टीचा वास घ्या, पेट्रोलचा उग्र वास आला तर आधी तेल बदला आणि मग मोजायला सुरुवात करा.

गळतीबद्दल: फरशीवर डाग नाही म्हणजे गळती नाही असं नसतं. २० थेंबांचा १ मिली धरा. १,००० किमीत १ लिटर जायला दर ५० मीटरला एक थेंब पुरतो. चालत्या गाडीतला असा थेंब खालच्या कव्हरवर आणि वाऱ्यात जातो, पार्किंगमध्ये येत नाही. खालचं कव्हर उतरवून व्हॅक्यूम पंपाचं गॅस्केट, चेन कव्हर, ऑइल फिल्टर हाउसिंग आणि टर्बोची परतीची नळी बघा. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग नाही ना, तेही.

आणखी एक: सर्व्हिसनंतर तेल वरच्या खुणेच्या वर भरलेलं असतं का? "थोडं जास्त असू दे" म्हणून अर्धा लिटर जादा ओतण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. जादा तेल क्रँकच्या मारात येतं, फेसाळतं, आणि ब्रीदरमधून इनटेकला जातं. तेवढं तेल इंजिन स्वतःच खाऊन टाकतं.

घाटमाथा_१८००

सगळ्यांचे आभार. कॉम्प्रेशन टेस्ट गरम इंजिनावर, चारही प्लग काढून, थ्रॉटल उघडा आणि चार्जर लावून केली होती.

निपाणीकरांच्या रीतीनं ५०० किमीचे दोन फेरे झाले: ३९० मिली आणि ३८० मिली. म्हणजे १,००० ला ७७० मिली. खालचं कव्हर उतरवून पाहिलं, कोरडं आहे. एअर फिल्टर काळा-तांबडा झाला होता, नवा कागदी टाकला. तेलाचं झाकण आयडलला हातानं निघेना. डिपस्टिक ओढली की शिट्टी बंद.

लालमाती_खानापूर

मग ठरलं. पूर्ण पीसीव्ही युनिट नवीन घ्या. नुसता डायफ्राम मिळतो, पण आतला एकदिशा वॉल्व्ह जुनाच राहतो. मॅनिफोल्डकडे जाणारा होज आणि त्याचे ओ-रिंग सोबतच बदला, उष्णतेनं ते बिस्किटासारखे मोडतात. इंटरकूलरचे पाइप काढून साठलेलं तेल पुसून घ्या, नाहीतर नवा पीसीव्ही बसवल्यावरही जुनंच तेल आठवडाभर जळत राहील. पाइपात पातळ चिकट थर असणं नॉर्मल. पाइप तिरपा केल्यावर धार लागली तर काळजी.

पाइप निघालेच आहेत तर टर्बोचा शाफ्टही हातानं बघून घ्या. आडवा हलका प्ले चालतो, कारण तो तेलाच्या थरावर तरंगतो. पुढे-मागे मात्र जवळजवळ काहीच हलता कामा नये. पंख्याची पाती हाउसिंगला घासल्याची खूण नको. टर्बोत रबरी सील नसतं, लोखंडी बारीक रिंगा असतात आणि तेलाची परत जायची वाट मोकळी असली तरच त्या काम करतात. परतीची नळी काजळीनं आखडली तर नवा टर्बोही तेल फेकणार. नळी काढून आरपार उजेड दिसतो का बघा.

चंदगडी_गिअर

एक शंका. घाट उतरून धूर म्हटल्यावर आमच्याकडे पहिल्यांदा वॉल्व्ह सील म्हणतात. ते का नाही?

बोअरगेज_उद्यमबाग

रास्त शंका आहे. सील कडक झाले असतील तर थ्रॉटल बंद असताना गाइडमधून (वॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतून) तेल ओढलं जातंच. पण मग रात्रभर उभ्या गाडीतही ते तेल वॉल्व्हच्या दांड्यावरून खाली उतरतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला धुराचा भपका येतो. पाच-सात मिनिटं आयडलला ठेवून रेस दिली तरी येतो. इथे दोन्ही नाही. सील पूर्ण निर्दोष म्हणत नाही मी, पण ओळीत ते मागे उभे आहेत.

प्लग काढाल तेव्हा पोर्सेलीन बघा. एकाच बाजूला, इनटेक वॉल्व्हकडे तोंड असलेल्या बाजूला, पांढरट राखेचा थर असेल तर सील-गाइड. सगळीकडून ओलसर काळा असेल तर रिंग. चारही प्लग सारखेच दिसले तर दोष सामायिक आहे, म्हणजे पीसीव्ही किंवा टर्बो. एखाद-दुसराच वेगळा असेल तर दोष त्याच सिलिंडरचा.

सील बदलायला हेड उतरवावंच लागतं असंही नाही. प्लगच्या भोकातून ६-७ बार हवा देऊन वॉल्व्ह वर धरतात आणि स्प्रिंग दाबून लॉक काढतात. डोक्यावरची सगळी भोकं कापडानं बुजवून घ्या, एक लॉक आत पडला तर संप उतरवावा लागतो. पण गाइड झिजलेलं असताना नुसतं सील बदललं तर काही महिन्यांत परिस्थिती जैसे थे. वॉल्व्ह डायल गेजवर हलवून बघा, मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, बहुतेक ठिकाणी ०.८ मिमीच्या घरात.

घाटमाथा_१८००

पीसीव्ही युनिट, होज आणि ओ-रिंग बदलले. परतीची नळी मोकळी, टर्बोचा पुढे-मागे प्ले जाणवत नाही. पाइपांमधून पाव वाटी तेल निघालं. शिट्टी गेली, झाकण हलक्या हातानं निघतं.

नवे फेरे: २५० मिली, २४० मिली. म्हणजे ७७० वरून ४९० वर आलं. चोर्ल्याखालचा धूर खूप कमी, पण आहे. प्लगमध्ये २ आणि ३ नंबर ओलसर काळे, १ आणि ४ कोरडे तपकिरी.

बोअरगेज_उद्यमबाग

आता आत डोकवायची वेळ. ५.५ मिमीचा बोरस्कोप प्लगच्या भोकातून सहज जातो. पिस्टनच्या माथ्याची कड बघा. सगळ्या माथ्यावर सुकी काजळी असून कडेचा गोल पट्टा धुतल्यासारखा स्वच्छ, ओला चमकत असेल तर रिंगांच्या बाजूनं तेल वर येतंय. पिस्टन खाली नेऊन भिंत बघा: होनिंगच्या (बोअर दगडानं घासताना उठणाऱ्या) तिरप्या रेघा दिसतात का, उभे ओरखडे आहेत का. नखाला लागतील असे उभे ओरखडे असतील तर पुढचा सोकबिकचा (सॉल्व्हंट ओतून रिंगा भिजवण्याचा) विचारच सोडा.

सोबत लीक-डाउन करा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा देऊन किती टक्के गळते ते मोजा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला), ७ बार कोरडी हवा. १० टक्क्यांच्या आत उत्तम, २० च्या वर गेलं तर कान लावा. तेलाच्या झाकणातून फुसफुस म्हणजे रिंगा, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट वॉल्व्ह, थ्रॉटलमधून म्हणजे इनटेक, कूलंटमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट. क्रँक नीट धरून ठेवा. पिस्टन टीडीसीवरून जरासा हलला तर हवेनं क्रँक एकदम फिरतो आणि पान्यासकट मनगट पिरगळतो. गिअरमध्ये टाकून हँडब्रेक पुरेसा नाही, पुलीच्या बोल्टवर लांब दांडा लावून दुसऱ्या माणसाला धरायला सांगा.

घाटमाथा_१८००

लीक-डाउन: ६, ९, ८, ६ टक्के. बोरस्कोपमध्ये २ आणि ३ च्या कडा ओल्या, १ ला किंचित, ४ कोरडा. भिंतींवर तिरप्या रेघा स्पष्ट, उभा ओरखडा एकही नाही.

बोअरगेज_उद्यमबाग

चित्र स्वच्छ आहे. बोअर चांगला, वरची रिंग चांगली, ऑइल रिंग चिकटलेली. सोक एकदा करून बघण्यासारखी केस.

५डब्ल्यू४०_निपाणी

सोकवर माझा फारसा भरवसा नाही. भोकं काजळीच्या दगडानं बुजली असतील तर सॉल्व्हंट तिथवर पोचतच नाही. रिंग नुसती चिकटली असेल तरच सुटते. तरी खर्च कमी आहे, म्हणून करायचं तर नीट करा.

इंजिन कोमट असताना प्लग काढा. क्रँक अशा जागी आणा की चारही पिस्टन मध्यावर येतील, टीडीसीपासून ९० अंश. प्रत्येकात ३०-४० मिली सॉल्व्हंट. १२ तास ठेवा, मधून क्रँक हातानं थोडा पुढे-मागे करा. दुसऱ्या दिवशी सिरिंजला नळी लावून उरलेलं सगळं उपसा. हे टाळलं तर काय होतं ते आकड्यात सांगतो: १.८ लिटरचं एक सिलिंडर ४५० सीसी. कॉम्प्रेशन रेशो ९.६ धरला तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर राहणारी जागा फक्त ५२ सीसी. तेवढा द्रव आत उरला आणि स्टार्टर मारला तर पिस्टनला वर जायला जागाच नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून प्लग न लावता, भोकांवर जुनं कापड टाकून, आधी हातानं दोन फेरे आणि मगच स्टार्टर. इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर सुटे ठेवा, उडणारं सॉल्व्हंट पेटतं.

रिंगांतून खाली गेलेलं सॉल्व्हंट तेलात मिसळलेलं असतं. त्या तेलावर इंजिन चालवू नका. लगेच तेल आणि फिल्टर बदला.

तेल निवडताना ग्रेडच्या पलीकडे बघा. डेटाशीटवर नोआक म्हणून आकडा असतो: २५० अंशांवर एक तास ठेवलं तर किती टक्के तेल वाफ होऊन उडतं. एसीईए (युरोपीय तेल-मानक) ए३/बी४ आणि सी३ मध्ये १३ टक्क्यांची मर्यादा आहे, चांगली तेलं ९-१० च्या आत असतात. एचटीएचएस (जास्त तापमान आणि ताणाखाली तेलाचा जाडपणा) ३.५ च्या वर हवा. जाड तेल टाकून खप लपवायचा मोह होतो, २०डब्ल्यू-५० वगैरे. व्हेरिएबल टायमिंग आणि टर्बोच्या बारीक वाटा असलेल्या इंजिनात ते घालू नका. आणि बदल १५,००० वर नको, ७,५०० वर. रिंगा बुजायचं मूळ लांबवलेल्या तेलबदलात आहे.

सदलगा_बूस्ट

कॅच कॅन (ब्रीदरच्या नळीत तेल अडवणारा डबा) लावला तर? आणि १,००० ला ४९० म्हणजे तशी कंपनीच्या मर्यादेतच ना?

लालमाती_खानापूर

कॅच कॅन ब्रीदरची वाफ अडवतो, रिंगांतून चढणारं तेल नाही. इनटेक वॉल्व्हवरची काजळी कमी करायला चांगला, या दुखण्यावर उपाय नव्हे. लावलाच तर आत जाळी-बॅफल असलेला, आणि परत इनटेकला जोडलेला. हवेत उघडा सोडू नका. कणकुंबीच्या पावसाळ्यात तो दुधट पाण्यानं लवकर भरतो, १,००० किमीला रिकामा करा.

बोअरगेज_उद्यमबाग

काही मॅन्युअलमध्ये १,००० ला ०.५ लिटर ही मर्यादा छापलेली आहे हे खरं. ती वॉरंटीची रेघ आहे. रिमॅप केलेल्या टर्बोला ती लावू नका. चेंबरमध्ये गेलेलं तेल मिश्रणाचा ऑक्टेन उतरवतं आणि कमी आरपीएमला जास्त बूस्टमध्ये मिश्रण ठिणगीआधीच पेटतं. एकाच दणक्यात पिस्टनची रिंगांमधली कड मोडते. तोवर तवंदी घाट पाचव्या गिअरमध्ये १,६०० आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन चढू नका, गिअर खाली घ्या. तेलातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही मारतो, तो भाग रिंगांच्या सेटपेक्षा कितीतरी महाग.

घाटमाथा_१८००

सोक दोनदा केला, तेल बदललं. फेरे: २१० आणि २२० मिली. म्हणजे १,००० ला ४३०. फरक आहे, पुरेसा नाही. इंजिन खोलायचं ठरवलंय. मशीन शॉपला काय सांगू?

बोअरगेज_उद्यमबाग

ठीक निर्णय. मशीन शॉपची आपल्याकडे वाण नाही, उद्यमबाग-मच्छेत बोअर-होनिंगचे हात चांगले आहेत. पण काय हवं ते तुम्ही कागदावर लिहून द्या.

पिस्टन: त्याच इंजिनासाठी सुधारित, परतीची मोठी भोकं आणि जाड ऑइल रिंग असलेला सेट मिळत असेल तर तोच. जुन्या पिस्टनमध्ये नुसत्या रिंगा घातल्या तर तीच भोकं पुन्हा बुजतील. गजन पिनचा (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनचा) व्यास आधी जुळवा, पिस्टनच्या आवृत्तीनुसार तो बदलतो आणि मग रॉडही बदलावे लागतात. ऑर्डर देण्याआधीच हे बघायचं.

बोअर: तीन उंचींवर, वरून १० मिमी, मध्ये, खालून १० मिमी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना. सहा आकडे गुणिले चार, कागदावर मागा. फरक ०.०८ मिमीच्या वर असेल तर ओव्हरसाइज (बोअर मोठा करून मोठे पिस्टन), आत असेल तर हलकं होनिंग पुरे. होनिंग टॉर्क प्लेट लावून करा. हेडचे बोल्ट आवळल्यावर बोअर किंचित वाकडा होतो, प्लेट त्याच अवस्थेत त्याला गोल करते. रेघांचा कोन ४५ अंशांच्या आसपास. फार आडव्या रेघा तेल धरून ठेवतात आणि इंजिन पुन्हा तेल खातं. दगडाचा ग्रिट आधी २२०, शेवटचा हात ४०० चा.

होनिंगनंतर बोअर पेट्रोलनं किंवा रॉकेलनं धुऊ नका, दगडाची पूड रेघांत आणखी बसते. गरम पाणी, कपड्यांची पावडर आणि ब्रश. मग तेलाचा हात देऊन पांढऱ्या कापडानं पुसा. कापडावर राखाडी छटा येते तोवर पुन्हा धुवायचं. चार-पाच वेळा लागतात.

रिंग गॅप: प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये पिस्टननं सरळ ढकलून फीलर गेजनं मोजा. मॅन्युअलचा आकडा पहिला. रिमॅपसाठी पिस्टनवाले जास्त सांगत असतील तर साधारण दर मिमी बोअरला ०.००५ मिमी, तुमच्या ८२.५ च्या बोअरला ०.४१. दुसऱ्या रिंगेचा गॅप पहिल्यापेक्षा थोडा मोठा ठेवा, दोघींमध्ये अडकलेला दाब निघून जातो आणि वरची फडफडत नाही.

बसवताना होणारी चूक एकच, आणि ती सगळ्यात महाग. ऑइल रिंगच्या एक्सपांडरची दोन टोकं एकमेकांना फक्त भिडली पाहिजेत, एकावर एक चढता कामा नयेत. चढली की नवं इंजिन पहिल्या दिवसापासून तेल पितं. एक्सपांडरच्या टोकांना बहुधा रंग दिलेला असतो. पट्ट्या बसल्यावर दोन्ही रंग दिसले पाहिजेत, तेव्हाच पिस्टन आत. दुसऱ्या रिंगेवरचा ठिपका वर. तोंडं १२० अंशांवर. हेडचे, मेनचे आणि रॉडचे बोल्ट नवेच, ते एकदाच ताणायचे असतात.

वॉल्व्ह सील याच वेळी बदला, हेड उतरलेलंच आहे.

लालमाती_खानापूर

रनिंग-इन (नव्या रिंगा बसेपर्यंतचं चालवणं) बद्दल मी सांगतो. स्टार्ट केल्यावर अर्धा तास आयडलला ठेवायची पद्धत चुकीची. रिंग बोअरवर बसते ती वरच्या दाबानं, आणि आयडलला तो नसतो. रेघांचे शेंडे बोथट होतात आणि रिंग कायमची बसत नाही. गळती आणि ऑइल प्रेशर बघून झालं की रस्त्यावर. हायवेला हत्तरगीच्या अलीकडे वंटमुरी घाट त्यासाठी बरा: चौथ्या गिअरमध्ये २,००० ते ४,००० पर्यंत मध्यम ॲक्सिलरेटरनं चढा, मग ॲक्सिलरेटर सोडून गिअरवर उतरू द्या. चढताना दाब रिंगेला भिंतीवर दाबतो, सोडल्यावरची ओढ तेल वर आणून कण धुते. १५-२० फेऱ्या. पहिले १,००० किमी पूर्ण बूस्ट नाही, एका वेगावर लांब क्रूझ नाही. तेल ५०० किमीला बदला, फिल्टर कापून आत चकचकीत कण किती आहेत ते बघा. पुन्हा १,५०० ला.

घाटमाथा_१८००

काम झालं. बोअरचा सगळ्यात मोठा फरक ०.०३ मिमी, हलकं होनिंग पुरलं. जुन्या २ आणि ३ नंबरच्या पिस्टनची परतीची भोकं पूर्ण बुजलेली होती, १.५ मिमीचा ड्रिल हातानं फिरवला तेव्हा काळा दगड भुकटीसारखा निघाला. एक्सपांडर खाचेत दाबला तर परत वर येत नव्हता. ४ नंबरची भोकं निम्मी उघडी. बोरस्कोपमध्ये दिसलं होतं त्याच क्रमानं.

जुन्या टर्बोवरच गाडी चालू आहे. १,५०० किमीच्या तेलबदलानंतर ५०० चे दोन फेरे: ४० मिली, ३० मिली. चोर्ला उतरून केरीला मागच्या गाडीतून बघितलं, धूर नाही.

५डब्ल्यू४०_निपाणी

५,००० किमीला पुन्हा दोन फेरे मोजून इथेच टाका. रिंगा तोवर पूर्ण बसलेल्या असतात, तो आकडा पुढच्या वर्षी तुलनेला उपयोगी पडेल.